तळोद्याचा 425413

तळोद्याला येणाऱ्या पाकिटावर हा असतो, पण पोस्टमन सोडला तर त्याच्याकडे बघतो कोण? चार लाख पंचवीस हजार चारशे तेरा. जन्माने टपालखात्यातला. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाले आणि ही योजना आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतचे कवीही होते. याचे पहिले तीन अंक, 425, जळगावचेच. तळोदा आता ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधी तळोदा धुळे जिल्ह्यात, आणि धुळ्याचा पिन मात्र 424 ने सुरू होतो. म्हणजे महसुलात धुळ्याचा, टपालात जळगावचा. अशाने स्वभाव थोडा तुटक होणारच.

तुटक तो आहेच. 2 पासून 29 पर्यंतच्या दहाही मूळ संख्यांनी भागून बघा, कुणालाही दाद देत नाही. दार उघडतो ते थेट 31 ला: 31 × 13723. हा 13723 पुन्हा मूळ संख्या, म्हणजे तिथून पुढे वाट बंद. 1 आणि तो स्वतः धरून विभाजक चारच. कुठल्याही दोन वर्गांच्या बेरजेतही तो बसत नाही.

शेजारी मात्र भलताच मनमिळाऊ. नंदुरबारचा 425412 हा 4 × 81 × 13 × 101; विभाजक तब्बल साठ! 306 आणि 576 यांच्या वर्गांची बेरीज केली की तो नेमका हजर. शिवाय त्याच्या अंकांची बेरीज 18, आणि 18 ने त्याला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी हर्षद म्हटले. आमच्या तळोदेकराची बेरीज 19. भाग लावला की 3 उरतात. हर्षदपण हुकले.

पण कापरेकरांच्याच दुसऱ्या परीक्षेत हा गडी जिल्ह्याच्या ठिकाणाला मागे टाकतो. संख्येचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक एकसारखे नसतील तर चार अंकी संख्या अशाने 6174 वर येऊन थांबतात. अशाच सहा अंकींचे घर एकच नाही. काही 549945 वर थांबतात, काही 631764 वर, आणि बाकीच्या सात संख्यांच्या एका फेऱ्यात सापडून गोल फिरत राहतात: 420876, 851742, 750843, 840852, 860832, 862632, 642654 आणि पुन्हा 420876.

आता 544321 मधून 123445 वजा करा. उत्तर 420876. पहिल्याच वजाबाकीत तळोदा फेऱ्यात! साठ विभाजकांच्या नंदुरबारला त्यासाठी चार वजाबाक्या लागतात: 421776, 651744, 620874 आणि मग कुठे 851742. मला तरी साठ विभाजकांपेक्षा ही चपळाई जास्त आवडते.

धडगावचा 425414 तिसऱ्या वजाबाकीला त्याच फेऱ्यात येतो. अक्कलकुव्याचा 425415 मी मुद्दाम सोडला आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि तो कितव्या वजाबाकीला कुठे पोचतो ते तुम्हीच काढा. शून्य आले तर गाळू नका, चढत्या मांडणीत ते सर्वांत आधी लिहायचे.