थोर गोलरक्षक कोण : ॲलन, लक्ष्मण की श्रीजेश?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत श्रेष्ठत्वाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या घाटावर चालत आला आहे. हा घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढता धावमार्ग. थापलिंगची यात्रा असो वा लांडेवाडीची शर्यत, बारी सुटते, घड्याळ चालू होते आणि सर्वांत कमी सेकंद घेणारा गाडा त्या दिवसापुरता ‘घाटाचा राजा’ ठरतो. मापच सेकंदाचे, तेव्हा वादाला जागा उरू नये. प्रत्यक्षात रात्री वाद सुरूच असतो. एका घाटाची लांबी दुसऱ्याची नसते, चढ सारखा नसतो, मातीही सारखी नसते. इथले बारा सेकंद आणि तिथले बारा सेकंद एक नव्हेत, हे त्या भागातला शाळकरी मुलगाही जाणतो.

हॉकीतील थोर गोलरक्षकांची क्रमवारी लावताना मात्र भलेभले हा साधा विवेक विसरतात. आकडा पाहतात, घाट पाहत नाहीत.

या वादात पहिले नाव निघते ते रिचर्ड ॲलन यांचे. जन्म १९०२ चा, नागपूरचा. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या भूमीतला. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारत प्रथमच ऑलिम्पिक हॉकी खेळला. पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध २४-१ असा निकाल लागला. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन जाळीमागे उभ्या असलेल्या चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत होते, असे सांगितले जाते. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातून एक गोष्ट उघड होते : त्या सामन्यात भारतीय गोलरक्षकाला करण्यासारखे फारसे काही नव्हते. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत भारतावर एकच गोल झाला, तोही अंतिम सामन्यात; भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्णपदके. कागदावर याला तोड नाही.

आता दुसरे नाव, शंकर लक्ष्मण. महूला १९३३ साली जन्मलेला हा मुलगा १९४७ मध्ये, चौदाव्या वर्षी, सैन्याच्या बँडपथकात दाखल झाला. पुढे तो मराठा लाइट इन्फंट्रीचा झाला आणि १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. या रेजिमेंटच्या रणघोषात शिवछत्रपतींचा जयजयकार आहे, आणि शिवछत्रपतींचा जन्म शिवनेरीचा. जुन्नरकरांना या गोलरक्षकाविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली, तर तो पक्षपात क्षम्य मानावा.

लक्ष्मण यांचे पहिले ऑलिम्पिक मेलबर्नचे, १९५६ चे. तिथेही पाच सामने, ३८ गोल केलेले आणि स्वीकारलेला एकही नाही. म्हणजे ॲलन यांचे शून्य आणि लक्ष्मण यांचे शून्य वहीत शेजारी शेजारी बसतात. पण निकाल उलगडून पाहावेत. ॲमस्टरडॅमला भारताचा सर्वांत अटीतटीचा विजय अंतिम सामन्यातला, यजमान नेदरलँड्सविरुद्धचा ३-० असा. दोन गोल झाले असते तरी सुवर्ण भारताचेच राहिले असते. मेलबर्नला उपांत्य सामना जर्मनीशी १-० आणि अंतिम सामना पाकिस्तानशी १-०. तिथे गोलरक्षकाची एक चूक सामना बरोबरीत आणून ठेवणारी होती. एकच आकडा, पण एक उताराचा आणि एक चढाचा.

शिवाय लक्ष्मण यांच्या पदरी पराभवही आहे. १९६० साली रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी गोल केला, तो फिटला नाही, आणि १९२८ पासून चालत आलेली भारताची ऑलिम्पिक सुवर्णांची मालिका तुटली. गोलरक्षकाच्या नशिबी हा अन्याय जन्माचा असतो. पुढच्या फळीने साऱ्या सामन्यात एकही गोल केला नाही हे विसरले जाते. आत गेलेला एक चेंडू तेवढा स्मरणात राहतो. चार वर्षांनी टोकियोत तोच प्रतिस्पर्धी, तोच अंतिम सामना. मोहिंदर लाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि उरलेला वेळ पाकिस्तानच्या हल्ल्यांचा होता. तोंडावर मुखवटा नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही, पायांना पॅड आणि हाती काठी. लक्ष्मण यांनी काहीही आत जाऊ दिले नाही. भारत १-०. श्रेष्ठत्वाचा निवाडा एका दिवसावर करायचा असेल, तर तो दिवस २३ ऑक्टोबर १९६४ हाच.

या वादावर थंड देशांनी एक तोडगा काढला आहे. बर्फावरच्या हॉकीत किती गोल झाले याबरोबरच किती फटके आले आणि त्यांतील किती अडवले, याचीही नोंद ठेवतात. चेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेक याने कारकिर्दीत दर हजार फटक्यांमागे सुमारे ९२२ अडवले. मार्टिन ब्रोडर याच्या नावावर ६९१ विजय आणि १२५ सामने एकही गोल न स्वीकारता, हे विक्रम आहेत. एवढे मोजूनही वाद मिटलेला नाही, कारण हाशेकचे नाव निघाले की लोक सरासरी सांगत नाहीत. १९९८ चे नागानो सांगतात, जिथे ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात कॅनडाच्या पाचही खेळाडूंना त्याने शूटआउटमध्ये परतवले. मैदानी हॉकीच्या जुन्या नोंदी तर गोल तेवढे सांगतात, अडवलेले फटके नव्हे. लक्ष्मण यांची खरी कमाई कोणत्याही वहीत नाही.

लक्ष्मण १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार होते. गोलरक्षकाने संघाचे नेतृत्व करावे हे त्या काळी नवलच. सुवर्ण मिळाले. त्यानंतरच्या आशियाई सुवर्णाला ३२ वर्षे लागली. १९९८ मध्ये, पुन्हा बँकॉकलाच, खडकीच्या धनराज पिल्ले याच्या नेतृत्वाखालील संघाने दक्षिण कोरियाला टायब्रेकरवर हरवले, तेव्हा जाळीपुढे आशिष बल्लाळ उभा होता. त्याचे नाव आज किती जणांना आठवते?

श्रीजेशचे तसे नाही. २०२१ मध्ये टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशा आघाडीवर, शेवटच्या क्षणांतला पेनल्टी कॉर्नर त्याने अडवला आणि ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आले. २०२४ मध्ये पॅरिसला दहा खेळाडूंनिशी ग्रेट ब्रिटनला थोपवून शूटआउट जिंकून दिले. मुखवटा, शिरस्त्राण, चित्रफितींचा अभ्यास हे सारे त्याच्या बाजूला होते हे खरे. पण कृत्रिम मैदानावरचा ड्रॅगफ्लिकही लक्ष्मण यांनी कधी पाहिला नव्हता. दुसरे स्थान त्याला निःसंकोच द्यावे, पहिले नाही. ॲलन तिसरे, आणि ते त्यांच्या दोषामुळे नव्हे. त्यांच्यापुढच्या फळीत ध्यानचंद होते, त्यामुळे घाट कधी चढाचा झालाच नाही.

पॅरिसनंतर हॉकी इंडियाने श्रीजेशची १६ क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त केली. शंकर लक्ष्मण यांना १९६४ चा अर्जुन पुरस्कार आणि १९६७ ची पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या पायाला गँगरीन झाले आणि २९ एप्रिल २००६ रोजी महू येथेच त्यांचे निधन झाले.