शिवसागरावरची शिदोरी
साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीस उतरले की कोयनेचा शिवसागर जलाशय समोर पसरतो. येथून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत नावेने सुमारे तास-दीड तास लागतो; पलीकडे अभयारण्य, दुकान नाही. शिदोरी घरूनच न्यावी. दुधात मळलेली दशमी कवळी बसवलेल्यांनाही सहज चावता येते आणि दिवसभर टिकते. दहीभात मात्र उन्हात आंबतो. मधुमेहाचे औषध घेतल्यावर नाव रेंगाळली तर जेवण लांबते; म्हणून साखर वा ग्लुकोज खिशातच असावे. तासगावचे बेदाणे रुचकर खरे, पण रक्तातली साखर उतरल्यावर त्यांच्यावर विसंबू नये. लघवीच्या धास्तीने ज्येष्ठ मंडळी पाणीच टाळतात. त्यांना नावेत चढण्यापूर्वी लघुशंकेस नेऊन आणावे, मग घोटघोट पाणी देत राहावे.