धोक्याची इमारत

आमच्या हिंगोलीस लष्कराचें नांव नवें नाहीं. निजामाच्या अमदानींत येथें छावणी होती, आणि सैन्यांत गेलेल्या मुलाचें गांवांत आजही कौतुक होतें. परंतु त्या सैन्याचा दारूगोळा जे हात भरतात त्यांचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. मराठवाड्यांत सरकारी आयुध निर्माणी एकही नाहीं. खडकी, वरणगांव, भंडारा, भद्रावती हीं सारीं आम्हांस दूरचीं नांवें. तो विचार करण्याची पाळी एका परिचितांनीं आमच्यावर आणली.

हे गृहस्थ कळमनुरी तालुक्यांतील हळदीचे शेतकरी. त्यांच्या मुलानें विदर्भांतील एका निर्माणींत रासायनिक संयंत्र चालविण्याची उमेदवारी पुरी केली, आणि पुढें दोन वर्षें तो घरींच होता. आतां तेथूनच बोलावणें आलें होतें. कागद आमच्या हातीं देऊन बाप म्हणाले, "गुरुजी, पोराला धाडू का नको, एवढं सांगा." सरकारी नोकरी हे शब्द ऐकतांच आम्हीं कागद न वाचतां अभिनंदन करून मोकळे झालों. मग तो वाचला, आणि आमची आम्हांसच लाज वाटली.

हुद्दा होता 'डेंजर बिल्डिंग वर्कर', म्हणजे धोक्याच्या इमारतींतील कामगार. नेमणूक एका वर्षाची. वाढविली तर फार तर चार वर्षांची. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं केंद्र सरकारनें आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वांटल्या. पूर्वीचा कामगार तेथें उमेदवारींत शिरे आणि म्हातारपणीं निवृत्त होऊन बाहेर पडे. आतां त्याच दारांतून मुदतीचा मनुष्यही आंत जातो.

ती इमारत कशी असते, हें आम्हीं मुलाला विचारलें. भोंवतीं मातीचे उंच बांध, एका घरांतला स्फोट दुसऱ्यास लागूं नये म्हणून. आंत जातांना आगपेटी नाहीं, मोबाईल नाहीं. अंगांतील वीज उतरविण्यासाठीं दारांतल्या धातूच्या पत्र्यास स्पर्श करावयाचा. ठिणगी पडणार नाहीं अशीं हत्यारें. दारावर पाटी असते: आंत दारू किती आणि माणसें किती, याची मर्यादा सांगणारी. हें सारें तो एखाद्या देवळाचा परिपाठ सांगावा तसें सांगत होता. आमचें मन मात्र त्या पाटीवर खिळलें. मर्यादा माणसें वांचावीत म्हणूनच असते, हें खरें. पण एका वेळीं किती जाऊं शकतील याचाही तो हिशेबच आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं भंडाऱ्याच्या निर्माणींत स्फोटानें इमारत कोसळून आठ कामगार गेले. सीमेवर पडलेल्याच्या मरणास आपण वीरमरण म्हणतों. या आठांच्या मरणास अपघात म्हटलें गेलें.

धोका स्फोटाचाच असतो असेंही नाहीं. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडच्या कारखान्यांतून टी.एन.टी. हाताळणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडे आणि लोक त्यांस 'कॅनरी' म्हणत. कित्येकी यकृत बिघडून दगावल्या. आज हातमोजे व वैद्यकीय तपासणी यांची तरतूद असते. तरी आमच्या समोर बसलेल्या बापाचे हात हळदीनें पिवळे होते, आणि तो रंग धुतला कीं जाणारा होता, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

आम्हीं मुलास म्हटलें, "धोका कायमचा आणि नोकरी चार वर्षांची, हा सौदा तुला पटतो?"

तो हंसला. "गुरुजी, हळदीचा भाव तरी कुठं कायम असतो?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आमचें निवृत्तिवेतन दरमहा येतें. ज्याच्या पोटाची अशी सोय झाली आहे त्यानें दुसऱ्यास सावधगिरी शिकविणें सोपें असतें. जा म्हणण्याचा धीर होईना, आणि नको म्हणण्याचा अधिकार नव्हता. एवढेंच सांगितलें कीं, दारूगोळा भरण्याच्या कौशल्यास सरकारावांचून गिऱ्हाईकें थोडीं. पण संयंत्र चालविण्याचें शिक्षण औषधांच्या व खतांच्या कारखान्यांतही चालतें. तें जागतें ठेव, मुदत संपण्याची वाट न पाहतां अर्ज कर, आणि पाटीवरील आंकड्याहून एक मनुष्य जरी अधिक दिसला तरी आंत पाऊल टाकूं नको. शेवटची गोष्ट बोलतांना आमच्याच मनांत आलें कीं, ज्याची नेमणूक दरवर्षीं दुसऱ्याच्या सहीवर वाढावयाची, त्यानें दारांत थांबून 'नाहीं' म्हणावें तरी कसें? कायम कामगार तसें म्हणूं शकतो. म्हणून अशा जागीं कायम नोकरी ही मेहेरबानी नसून संरक्षणाचेंच एक साधन आहे, असें आमचें मत झालें आहे. मातीच्या बांधाइतकेंच तें आवश्यक आहे.

मुलगा गेला. पाळी सुटून फाटकावर मोबाईल परत मिळाला कीं तो घरीं फोन करतो. बाप त्या वेळीं शेतांतलें काम थांबवून बांधावर येऊन बसतात, आणि फोन येऊन गेल्याशिवाय उठत नाहींत.