खिशातले पाते: जपलेला चाकू, झिजलेला चाकू

१/२० इंग्लंड-अमेरिकेत जुन्या घडणीचे खिशातले चाकू जमवणाऱ्या मंडळींत एक वाद कित्येक वर्षे चालू आहे. हाती आलेला कोरा, जुना चाकू पेटीत जपून ठेवावा, की खिशात टाकून रोज वापरावा? वरकरणी हा हौशी लोकांचा घरगुती तंटा वाटतो. परंतु त्यामागे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोरचा प्रश्न आहे: वस्तू साक्ष केव्हा देते, आणि जपणाऱ्याच्याच हातून ती साक्ष कशी पुसली जाते?

२/२० प्रथम वस्तूची ओळख. पाते घडी होऊन मुठीत शिरते. मुठीच्या पाठीत पोलादाची पट्टी ताणून बसवलेली असते. ती पात्याच्या बुडावर दाब देते. त्याच दाबामुळे पाते उघडे राहते आणि मिटलेलेही. यात कुलूप नाही, खटका नाही. उघडण्यासाठी पात्यावर नख अडकेल एवढी खाच. जाणकार तो उघडताना पात्याची 'चाल' पाहतात आणि मिटताना होणारा 'टक्' आवाज ऐकतात. चाल गुळगुळीत आणि आवाज खणखणीत असेल, तर कारागिराचा हात चांगला होता असे मानतात.

३/२० घडीचा चाकू रोमन लोकांनाही ठाऊक होता. पण पाठीत स्प्रिंग असलेल्या चाकूचे मोठे माहेरघर म्हणजे उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ही घडण रुजली. त्याच्या फार आधी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील गिरणीवाला मोज्यात शेफील्डचा चाकू खोचून हिंडताना दिसतो. तो घडीचा नव्हता. परंतु गावाचे नाव हीच मालाची हमी, ही रूढी तेव्हाच पडली होती.

४/२० इंग्रजीत छोट्या घडीच्या चाकूला 'पेननाईफ' म्हणतात. हा शब्द पिसाच्या लेखणीचे टोक तासणाऱ्या पात्यावरून आला. फारसीतला 'कलमतराश' याच कामाचा. मोडी लिहिणाऱ्या कारकुनालाही बोरूचे टोक वारंवार कापावे लागे. काप बिघडला की अक्षराचे वळण बिघडे. म्हणजे दप्तरखान्यातल्या रुमालांत बांधलेल्या प्रत्येक कागदामागे एक लहान पाते उभे आहे. कागद उरले. पाती मात्र क्वचितच कुणी जपून ठेवण्याजोगी मानली.

५/२० १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने शेफील्ड परिसरातील कारागिरांची 'कटलर्स कंपनी' स्थापन झाली. कारागिराने स्वतःचे चिन्ह तिच्याकडे नोंदवायचे आणि पात्याच्या बुडावर ठोकायचे. जोसेफ रॉजर्स या पेढीचे चांदणी आणि माल्टी क्रूस हे चिन्ह पुढे जगभर ओळखले गेले. आज संग्राहक चाकू उघडताच सर्वांत आधी भिंगाने हाच शिक्का पाहतो. नाण्याच्या अभ्यासकाला जसा टांकसाळीचा ठसा, तसा त्याला हा शिक्का.

६/२० शिक्क्यावरून काळही ठरतो. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे अमेरिकेत गेलेल्या चाकूवर पेढीच्या नावासोबत 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असे कोरलेले असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा. जकातीच्या एका कलमाने नकळत संग्राहकांना कालमापनाचे साधन दिले.

७/२० अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावची 'केस' ही पेढी याहून पुढे गेली. १९७० मध्ये तिने शिक्क्याखाली १० ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत नेला. १९७९ मध्ये एकच उरला. तिचे आकडेही बोलके आहेत. '६३१८' मधील ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा आकाराचा क्रमांक. हे अंक वाचता येऊ लागले की हौस अभ्यासाकडे वळते.

८/२० आकारांची नावे म्हणजे तर हरवलेल्या व्यवसायांची यादीच. 'ट्रॅपर' हा फासे लावून प्राण्यांची कातडी मिळवणाऱ्यांचा. 'स्टॉकमन' गुराख्यांचा: त्याला तीन पाती. टोकदार पाते सर्वसाधारण कामाला, सरळ धारेचे पाते खाली दाबून कापायला आणि बोथट टोकाचे तिसरे जनावरांच्या खच्चीकरणासाठी, म्हणजे टोक नको तिथे घुसू नये. आज हाच चाकू शहरातल्या कचेरीत पार्सलची चिकटपट्टी कापतो. काम गेले, आकार राहिला.

९/२० साहित्यातही या वस्तूची किंमत नोंदलेली आहे. मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर'मध्ये (१८७६) पाठांतर पुरे केल्याबद्दल टॉमला त्याची मावसबहीण मेरी साडेबारा सेंटचा कोरा 'बार्लो' चाकू देते आणि तो हर्षाने वेडा होतो. बार्लो हा मुळात शेफील्डचाच नमुना: एक-दोन पाती, पुढे धातूची लांब टोपी, साधी मूठ. मुलाच्या हाती चाकू देणे म्हणजे त्याला थोडे मोठे मानणे, असा त्या समाजाचा संकेत होता.

१०/२० पण या चकाकीची दुसरी बाजूही आहे. एंगल्सने १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारवर्गावर ग्रंथ लिहिला. त्यात शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांच्या आधारे तो सांगतो की कोरड्या दगडावर पाती घासणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे होते. ओल्या दगडावर काम करणारेही क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. दगडाची आणि धातूची धूळ फुप्फुसांत साचत असे. पेटीतल्या निष्कलंक पात्यावर जी झळाळी आहे, ती कुणाच्या तरी श्वासाच्या मोलाने आली आहे.

११/२० या धंद्याचा कणा होते स्वतंत्र कारागीर. शेफील्डच्या बोलीत त्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत. भाड्याच्या खोलीत एक ऐरण, एक बाक आणि हाताखाली एखादा उमेदवार. स्टॅन शॉ १९४१ मध्ये किशोरवयात या कामात शिरले आणि आयुष्यभर घडीचे चाकू हातांनी घडवत राहिले. २०१७ मध्ये त्यांना 'ब्रिटिश एम्पायर मेडल' मिळाले. २०२१ मध्ये ते वारले. शेवटच्या काळात त्यांची मागणी टिकवली ती संग्राहकांनी. ज्या हौसेला लोक हसतात, तिने एका विद्येची काही वर्षे वाढवली.

१२/२० मुठींचा धागा थेट आपल्याकडे येतो. शेफील्ड आणि अमेरिका दोन्हीकडे सर्वांत मानाची मूठ सांबरशिंगाची, आणि ते शिंग मुख्यतः भारतातून जाई. सांबर दरवर्षी शिंगे टाकतो. जंगलात वेचलेली ही शिंगे जहाजांतून बाहेर जात. हाडावर ओबडधोबड खाचा पाडण्याची पद्धतही शिंगाच्या खरबरीत सालीची स्वस्त नक्कल म्हणून रूढ झाली. १९९०च्या दशकाअखेर भारताने या शिंगांची निर्यात बंद केली. विदर्भातल्या जंगलांत सांबर आहे तिथेच आहे. परदेशातल्या बाजारात मात्र जुन्या सांबरमुठीचा भाव चढला.

१३/२० आता मूळ वादाकडे. पेटीत ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद खोटा नाही. प्रत्येक धार लावताना थोडे पोलाद कायमचे जाते. साठ वर्षे वापरलेले पाते अरुंद होत दाभणासारखे दिसू लागते. त्यावरून मूळचा आकार समजत नाही. शंभर वर्षांपूर्वीची घडण अभ्यासायची तर कुणीतरी न वापरलेला नमुना जपलेला असावाच लागतो. कोऱ्या चाकूला बाजारात कित्येक पट भाव येतो, त्याला हेही एक कारण आहे.

१४/२० वापरणाऱ्यांचे उत्तर तितकेच वजनदार. १९१३ मध्ये शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद घडवले. तरी जुन्या वळणाच्या लोकांना साधे कार्बन पोलाद प्रिय, कारण ते वापर नोंदवते. सफरचंद, कांदा, लिंबू कापले की पात्यावर निळसर-करडी झाक धरते, आणि ती प्रत्येकाच्या हातची वेगळी. कोरा चाकू कारखान्याची तारीख सांगतो. झिजलेला चाकू त्यापुढची चाळीस वर्षे सांगतो: मालक डावखुरा होता का, कोणते पाते अधिक लागे, धार दगडावर लावली की घाईने चाकावर.

१५/२० गंमत अशी की निव्वळ बंद करून ठेवल्याने चाकू जपला जातोच असे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक मुठी सेल्युलॉइडच्या. हे सेल्युलॉइड जुने झाले की कुजू लागते आणि त्यातून आम्लयुक्त वाफ निघते. बंद पेटीत ती शेजारच्या चाकूंची पातीही खाते. कातडी म्यानात ठेवलेले पाते चामडे कमावण्याच्या द्रव्यांनी गंजते. म्हणून अनुभवी संग्राहक अशा मुठी वेगळ्या, हवेशीर ठेवतात, मधूनमधून पाते उघडतात, तेलाचा हात फिरवतात. जपणे म्हणजे विसरणे नव्हे, हे पोलादच शिकवते.

१६/२० सर्वांत मोठा शत्रू मात्र अतिउत्साह. विकत घेतलेला काळवंडलेला चाकू यंत्रावर घासून चकचकीत केला की शिक्का पुसट होतो, खाचांच्या कडा बोथट होतात आणि वापराची नोंद नाहीशी होते. याच्या उलटही चालते: नव्या पात्याला व्हिनेगर किंवा मोहरी लावून जुनाट झाक आणायची, दुर्मीळ शिक्का नव्याने ठोकायचा. लबाडाला गिऱ्हाईक फसवायचे असते, उत्साही माणसाला केवळ सुंदर करायचे असते. पुराव्याचे नुकसान दोघांच्याही हातून होते. शिळालेखाला ऑइलपेंट फासणारे भाविक आपल्याला अपरिचित नाहीत.

१७/२० या मंडळींत एक जुना रिवाज आहे. चाकू भेट दिला तर मैत्री कापली जाते, असा पाश्चात्त्य समज. म्हणून घेणारा देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवतो. भेटीची नावापुरती खरेदी होते आणि मैत्री वाचते. पात्याला लोक किती गंभीरपणे घेत, हे त्या नाण्यावरून कळते. समोरच्याला दाखवायला देताना चाकू मिटून देणे, परत करताना पाते पुसणे, परवानगीवाचून धार न तपासणे, हेही त्याच शिस्तीतले अलिखित नियम.

१८/२० ही शिस्त आज कायद्याच्या छायेत जगते. इंग्लंडच्या १९८८च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पाते बाळगता येत नाही. अपवाद ३ इंचांपर्यंत धारेच्या घडीच्या चाकूचा, आणि न्यायालयांच्या अर्थानुसार तो उघडल्यावर कुलूप न लागणारा हवा. तीनशे वर्षांपूर्वीची साधी स्प्रिंग अशी कायदेशीर सीमारेषा बनली. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पूर्वी ४ इंचांहून लहान पाते विमानात नेता येई. त्या दिवसानंतर अनेकांच्या आजोबांचे चाकू विमानतळावरच राहिले.

१९/२० आपल्याकडे चाकू म्हटला की पडद्यावरचा रामपुरी आठवतो. भारतीय शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाची पाती वगळली आहेत. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघाला की त्या काळापुरते नियम आणखी कडक होतात. सांबरशिंगाला वन्यजीव कायदा लागू होतो. म्हणून या विषयाची आवड असलेल्याने खिशात काही टाकण्याआधी कायदा वाचावा. भीतीला कारण आहे, हे मान्य करूनच साधनाची बाजू मांडता येते.

२०/२० मग वादाचा निकाल काय? बहुतेक जाणते संग्राहक दोन्ही वाटा धरतात: एक नमुना कोरा ठेवावा, एक वापरावा, आणि दोहोंसोबत एक चिठ्ठी ठेवावी. कोणाचा, कुठून आला, कोणत्या कामाचा, कधी धार लावली. ही चिठ्ठी नसेल तर कोरा चाकू निव्वळ किमतीचा ऐवज होतो आणि झिजलेला भंगारात जातो. महाराष्ट्रातल्या घरोघरी फळीवर एखादा अडकित्ता, एखादी विळी, एखादा जुना चाकू पडून असतो. तो विटकरीच्या भुकटीने घासायला काढण्यापूर्वी शिक्क्याचे छायाचित्र घ्यावे, आणि तो वापरलेले माणूस घरात असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारावे. पोलाद आणखी शंभर वर्षे टिकेल. सांगणारे तितके थांबणार नाहीत.

(धागा समाप्त)