बाबांच्या वतीने

रविवार, डोंबिवली

बाबा अजून शुद्धीवर नाहीत. ठाण्याच्या रुग्णालयात गळ्याला छिद्र पाडण्यापासून नळीने अन्न देण्यापर्यंत सगळ्याला संमती माझी. बँकेत मात्र माझ्या सहीला किंमत नाही. बाबांनी केलेलं कुलमुखत्यारपत्रही चालत नाही. करार कायद्याच्या कलम 201 नुसार देणाऱ्याचं भान हरपलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळीच! कोमातल्या माणसाला पालक नेमण्यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून वकील म्हणतात, मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका करा. पालक नेमण्याचं काम कल्याण-ठाण्याच्या न्यायालयांतच व्हायला हवं.

उपचार कुठवर चालू ठेवायचे, हा प्रश्न वेगळाच. त्यावर केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेत असलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल 2011चा. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीपुढेही करता येतं. बाबांनी घराचं मृत्युपत्र केलं, वैद्यकीय इच्छापत्र राहिलं.

दादा म्हणतो, शक्य ते सगळं करा. आई म्हणते, "ह्यांना असं नळ्यांत जगणं कधीच नको होतं." मला आईचं पटतं. उद्या दादाला बोलावून घेते. डॉक्टरांशी तिघांनी एकत्रच बोलायचं.