हेळव्याची चोपडी

सुगी संपली की आमच्या गावात हेळवी यायचा. सांगलीजवळ कृष्णाकाठी आमचं घर. शिजवलेली हळद अंगणात वाळत असायची. बैल दारातल्या लिंबाला बांधून तो सोप्यात घोंगड्यावर बसे, फडक्यातली चोपडी सोडे आणि कानडी वळणाच्या मराठीत आमची वंशावळ म्हणू लागे. अमक्याला तीन लेक. एक घरी राहिला, एक वाळव्याला गेला, एकाचा वंश खुंटला. चुलत घराशी आमचं बांधावरून बोलणं बंद होतं. पण पाच पिढ्या मागं गेलं की दोन्ही घरं एकाच नावापाशी येऊन थांबत. तिथं आजोबा डोळे मिटून घेत. आजी सुपातून जोंधळे आणून घाली.

एका वर्षी धाकट्या भावाचं नाव चढलं. “माझं?” मी विचारलं.

“लेकी दुसऱ्या घरच्या, बाय,” तो मायेनं म्हणाला आणि चोपडी बांधली.

पुढं वनस्पतिशास्त्र शिकायला साताऱ्यात आले. भाद्रपदात मॅडमनी आम्हाला कास पठारावर नेलं. साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवरचं हे पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं. सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती तिथं आहेत, आणि जांभ्यावर माती मात्र जेमतेम बोटभर. त्या मातीत नत्र कमी, म्हणून काही झाडं किडे खाऊन ते मिळवतात. मी गुडघ्यावर बसून दवबिंदू पाहिला. पानावरच्या तांबड्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं एक चिलट. शेजारीच सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा. या झाडाचे सापळे चिखलात असतात, मोहरीपेक्षा बारीक फुगे.

परतल्यावर आम्ही तक्ता केला. आडव्या ओळींत झाडं: या दोघांच्या जोडीला कारवी, तुळस, तीळ, राजगिरा, निवडुंग. उभ्या रकान्यांत गुण: पाकळ्या जुळलेल्या की सुट्या, पानं समोरासमोर की एकाआड एक, किडे खातं की नाही. त्यावरून नात्याचं झाड काढताना किडे खाणारी दोन्ही मी एकाच फांदीवर ठेवली.

मग मॅडमनी हरितलवकातल्या आरबीसीएल या जनुकाची अक्षरं हाती दिली. ए, टी, जी, सी. ओळीखाली ओळ लावायची आणि अक्षर कुठं बदललं ते पाहायचं. एका पूर्वजात झालेला बदल त्याच्या वंशात उतरत जातो, म्हणून तो खुणेसारखा वापरता येतो. झाड तयार झालं तेव्हा माझी फांदी मोडली होती. दवबिंदू राजगिरा आणि निवडुंगाच्या बाजूला गेला होता. सीतेची आसवं तुळस, तीळ आणि कारवीच्या. पठारावर वीतभर अंतरावर राहणाऱ्या या दोघांना सारखं केलं होतं भुकेनं. नातं फार लांबचं होतं. याच जनुकावरून १९९२ साली संशोधकांनी दाखवलं होतं की किडे खाण्याची रीत वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे उपजली.

डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच आहे, फांद्या फुटत जाणाऱ्या वंशाची. तिच्यातल्या बऱ्याच फांद्या मध्येच संपतात. ती पाहताना मला सोप्यातला आवाज ऐकू आला: वंश खुंटला.

मॅडम जाता जाता म्हणाल्या, बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक आईकडूनच येतं. म्हणजे आम्ही इतका वेळ वाचत होतो ती आयांची वंशावळ होती. माणसांतही तंतुकणिका आईकडूनच येते. हेळव्याच्या चोपडीत नसलेली ओळ माझ्या पेशीपेशीत लिहिलेली होती.

त्या दिवाळीत मी आजोळी गेले आणि आजीपाशी कागद घेऊन बसले. आई, आजी, पणजी. पणजीच्या आईचं नाव आजीला आठवेना. “ती औंधची होती,” एवढंच ती म्हणाली. मी थांबले. मग आठवलं, आम्ही काढलेल्या झाडातही पूर्वजाला नाव नसतं; दोन फांद्या जिथं मिळतात तो नुसता बिंदू असतो. मी कागदावर बिंदू दिला आणि शेजारी लिहिलं, औंधची. तिथून एक रेघ माझ्यापर्यंत आणली. दुसरी मोकळी सोडली, पणजीला बहीण असेल तर तिच्या लेकींसाठी.