बाहेर राहणारी जोडी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी वळूभोवती जाणकार शेतकरी एक फेरी मारतो. आधी रंग बघतो, मग शिंगं, वशिंड, पायांची ठेवण. शेवटी मागं जाऊन वाकतो आणि मागच्या पायांमध्ये लोंबणारी ती जोडी न्याहाळतो. दोन्ही सारख्या आहेत ना, पिशवी मोकळी सुटली आहे ना, एखादी वरच अडकली नाही ना. जनावर वळू म्हणून ठेवायचं असेल तर निकाल तिथंच लागतो. हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणीच्या खोंडाकडेही लोक असंच बघतात. मग तो पांढराशुभ्र बालंक्या असो, तोंडावर काळं असलेला वानेरा असो की ठिपक्यांचा शेवेरा.

मेंदूला कवटी मिळाली, काळजाला बरगड्या मिळाल्या. वृषणांची ही जोडी मात्र घराबाहेर राहते. तिचा जन्म आतलाच, मूत्रपिंडांच्या शेजारचा. वासरू गाईच्या पोटात असतानाच ती खाली सरकते आणि पिशवीत येऊन थांबते. कारण एकच, तिला उष्णता सोसत नाही. वळूचं अंग साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं आणि शुक्राणू नीट घडायला त्याहून चार-पाच अंश कमी लागतात. एखादं वृषण पोटातच राहिलं तर ते जिवंत असतं, पण बीज घडवत नाही.

अशी थंडाव्याची भुकेली जोडी नांदेड-लातूरच्या उन्हात दिवस काढते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पिशवी सैल होऊन अंगापासून लांब लोंबते. पौषातल्या पहाटे तीच आक्रसून, सुरकुत्या पाडून पोटाला बिलगते. तिच्या कातडीला घाम येतो. पण खरी करामत वरच्या गळ्याशी आहे. खाली येणारी रक्ताची धमनी तिथं वेटोळी घेते आणि निवलेलं रक्त वर नेणाऱ्या शिरांचं जाळं तिला लपेटून असतं. वर जाणारं थंड रक्त खाली येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेतं. वशिंडाच्या जनावरांत ही रचना विदेशी वळूंपेक्षा सरस आहे. धमनीची भिंत पातळ आणि धमनी-शिरांमधलं अंतर कमी असल्यामुळे रक्त अधिक निवतं. मेंढ्यांवरच्या प्रयोगात तर नुसती ही पिशवी उबवली तरी सगळं जनावर धापा टाकू लागलं. एवढं तिचं ऐकलं जातं.

आत बारीक नळ्यांची गुंतवळ आहे. वळूच्या या नळ्या सरळ केल्या तर काही किलोमीटर भरतील. त्यांच्या भिंतीत एक शुक्राणू घडायला साधारण दोन महिने लागतात. नंतर आठ-दहा दिवस तो वृषणाला चिकटलेल्या अधिवृषणात काढतो. पोहायची ताकद त्याला तिथं येते. म्हणून आज आलेल्या तापाचं नुकसान कित्येक आठवड्यांनी दिसतं. वळू धडधाकट दिसतो, चारा खातो, गाईवर चढतो, आणि गाई उलटतात. दोष गाईला लागतो. तपासायचा असतो तो वळू, आणि हिशेब करायचा असतो दोन महिने मागचा.

आता उडी घेणारे वळू गावोगाव उरले नाहीत. त्यांच्या जागी पाव मिलीलिटरची कांडी आली. तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, निजून असतात. उष्णतेला भिणारं हे बीज अशी थंडी मात्र वर्षानुवर्षं सोसतं. कांडी चांगलीच आहे, पण ती भरायला जातिवंत वळू लागतो. देखणा, ताकदीचा गोऱ्हा दिसला की आपण त्याला आधी बैल करून टाकतो. कंधारी आणि देवणीच्या घराण्यांचं यात फार नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं.

या जोडीचं दुसरं काम तितकंच मोठं आहे. नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी पुरुषत्वाचा हार्मोन बनवतात आणि तो थेट रक्तात सोडतात. वळूची जाड मान, वर आलेलं वशिंड, गाईपेक्षा गडद झालेला लाल रंग हे सगळं त्याचं देणं. म्हणजे माल दोन आणि वाटाही दोन. बीज जातं रेतवाहिनीतून, हार्मोन जातो रक्तातून.

खच्ची करताना आपण दोन्ही वाटा बंद करतो. पूर्वी ठेचत असत. ते हाल आठवले तरी अंगावर काटा येतो. मग चिमटा आला. तो कातडी न फाडता आतली दोरी चिरडतो. त्या दोरीत रेतवाहिनी असते, तशी धमनी, शिरा आणि नसही असते. रक्त तुटलं की जोडी सुकत जाते, हार्मोन थांबतो, वळूचा बैल होतो.

हे सगळं आपल्या गोठ्यात डोळ्यांदेखत घडतं, म्हणूनच एक भीती घट्ट बसली आहे. पुरुषाची नसबंदी म्हणजे त्याचा बैल करणं, असं समजून माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि बायकोला पाठवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के होतं. बाईचं ऑपरेशन पोटात शिरून करावं लागतं. पुरुषाची रेतवाहिनी कातडीच्या लगेच खाली, बोटाला लागते. वळूची जोडी पारखणाऱ्या माणसानं स्वतःच्या जोडीबद्दल एवढं अडाणी राहावं, याचं वाईट वाटतं.

नसबंदीत फक्त रेतवाहिनी बंद होते. धमनीला, शिरेला, वृषणाला कोणी हात लावत नाही. हार्मोन रक्तातून पूर्वीसारखाच जातो. आवाज, मिशा, इच्छा, नांगर धरायची ताकद, सगळं जागेवर राहतं. वीर्यही येतं, कारण त्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतला असतो. त्यात शुक्राणू तेवढे नसतात.

दोन लेकरांवर थांबायचं ठरलं असेल तर यावेळी तुम्ही जा. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते, बिनटाक्याचीही होते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. वाहिनीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, तेव्हा पुढचे तीन महिने निरोध वापरा आणि नंतर वीर्य तपासून घ्या.